गोणीचं वजन डॉक्टरांना सांगा

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर हातात पडणारा डिस्चार्जचा कागद बहुतेक वेळा खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाचा विचार करून लिहिलेला असतो. माझ्या कागदावर होतं, ‘हलकी कामे करावीत, जड वस्तू उचलू नयेत.’ मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. आमच्याकडे गोणी ५० किलोची. २५ किलोचा कट्टा आला, तर तो आम्हाला आरामच वाटतो. मी पोटासाठी काय करतो, हे त्या दवाखान्यात कोणी विचारलं नाही. फॉर्मवर ‘नोकरी’ एवढंच लिहिलं गेलं.

माझं ऑपरेशन स्लीव्हचं. दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी. पोटावर चार-पाच छोटी भोकं, त्यांवर लवकर खपली धरते आणि घरच्यांनाही वाटतं, झाला की बरा! पण कातडीखालचा थर सांधायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. तो कच्चा असताना श्वास रोखून गोणी उचलली, तर पोटातला सगळा दाब तिथे येतो आणि हर्निया होऊ शकतो. ऑफिसातला माणूस एक-दोन आठवड्यांत कामावर जातो, त्याला ते झेपतं. हमालानं, गवंड्यानं, वॉर्डात पेशंट उचलणाऱ्या मावशींनी त्याच्याकडे बघून आपली तारीख ठरवू नये.

माझे टाके नीट भरले. घात केला तो पाण्यानं. मुदत संपली, कामाची परवानगी मिळाली आणि ऐन एप्रिलात मी टोळीत परतलो. पूर्वी दोन गाड्यांच्या मधे तांब्याभर पाणी एका दमात पोटात जायचं. आता दोन घोटांतच छाती भरून यायची. गाडी खाली करायची घाई असताना घोट-घोट पाणी पीत कोण बसतो? त्यात बीपीची गोळी ऑपरेशनच्या आधीच्याच डोसात चालू होती. वजन उतरतं तसं अनेकांचं बीपी उतरतं, साखरही उतरते, आणि जुना डोस अंगावर येतो. ट्रकच्या फाळक्यापाशी पाठीवर गोणी घेतली, फळीवर पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. कानात नुसती घूं घूं. गुडघे आहेत की नाहीत, तेच कळेना. खाली उभ्या असलेल्या मुकादमांनी गोणी बाजूला लोटली आणि मला बगलेत धरून उतरवलं.

म्हणून कामावर जायच्या आधी बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. मनानं बंद करू नका. बाटली गाळ्यात ठेवून उपयोग नाही, ती हाताशी हवी. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी जायलाच हवं, उन्हात त्याहून जास्त, आणि तेही घोटाघोटानं. जेवताना मात्र पाणी नको, अर्धा तास जाऊ द्या. दमल्यावर उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक घ्यायची सवय असेल तर ती सोडा. एकदम गेलेल्या साखरेनं घाम, धडधड आणि चक्कर सुरू होऊ शकते, आणि अंगावर ओझं असताना तो धोका घेण्यासारखा नाही.

काट्यावर जे किलो कमी दिसतात, त्यांत चरबीबरोबर स्नायूही गेलेला असतो. आमच्यासारख्यांसाठी ही गोष्ट फार मोठी आहे, कारण आमची मजुरी त्या स्नायूवरच आहे. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात ते जेमतेम ६ ग्रॅम असतं. चार घास भातानंच पोट भरलं तर अंड्याला जागा उरत नाही. तेव्हा ताटातलं अंडं, पनीर, मासळी, घट्ट वरण आधी आणि भात-भाकरी उरल्या जागेत.

अंगदुखीच्या गोळीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. मार्केटात गोळी म्हणजे विडी-तंबाखूइतकी सहज मिळणारी गोष्ट. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी जठरात अल्सर होऊ शकतो; वजन कमी करायचं जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना तर त्या टाळायलाच सांगतात. मित्रानं खिशातून काढून दिलेली गोळी घेऊ नका. मेडिकलवाल्याला ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा. आणि उलट्या थांबत नसतील, पोटात जोराची कळ येत असेल, ताप किंवा छातीत सतत धडधड असेल, तर पाळी पूर्ण करायची वाट न बघता दवाखाना गाठा.

हे सगळं ठाऊक असूनही माणूस लवकर कामावर का जातो? आमच्यात काम तेवढा दाम. मजुरी टोळीत वाटली जाते, आणि कमी ओझं उचलणाऱ्याला दुसऱ्याच्या घामाचं खातोय असं वाटत राहतं. आमच्या मुकादमांनी मला काही काळ मोजणी, मार्का टाकणं, गोणीचं तोंड शिवणं यावर ठेवलं. मग आधी लहान कट्टे दिले, भरलेली गोणी बऱ्याच उशिरा. ‘सावकाश घे, टोळी कुठं पळून चालली नाही,’ एवढंच म्हणाले. प्रत्येकाला असे मुकादम मिळत नाहीत. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच किती महिने कमाई कमी येईल याचा हिशेब घरात मांडा. डॉक्टरांना गोणीचं वजन, फळीची उंची, उन्हातले तास सगळं सांगा आणि किती किलो, कधीपासून, हे त्यांच्याकडून आकड्यात लिहून घ्या. तो कागद मुकादमांना दाखवा. आणि मुकादमांनो, तुमच्याकडे असा कागद घेऊन कोणी आला, तर त्याला काही महिने मोजणीवर बसू द्या.