गुरुऋणाचें गीत

लंडन येथें १९६२ सालीं स्थापन झालेल्या ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक वाद्यवृंदानें २०२३ सालीं ‘हॅक्नी डायमंड्स’ ही ध्वनिमुद्रिका काढिली. नव्या स्वरचित गीतांची त्यांची ध्वनिमुद्रिका १८ वर्षांनीं निघाली. गायक मिक जॅगर तेव्हां ८० वर्षांचे होते. २०२१ सालीं दिवंगत झालेले चार्ली वॉट्स यांचें ड्रमवादन तींतील दोन गीतांत राखिलें आहे. तथापि आम्हांस शेवटचें गीत विशेष मोलाचें वाटतें. तें त्यांचें स्वतःचें नव्हे. शिकागोचे ज्येष्ठ गायक मडी वॉटर्स यांचें १९५० सालचें आहे, व त्यावरूनच या मंडळींनीं आपलें नांव घेतलें होतें. जॅगर यांचा कंठ व माउथ ऑर्गन आणि कीथ रिचर्ड्स यांची गिटार, एवढाच त्यास साज आहे. विद्यार्थ्यांनो, ज्यांचें ऐकून आपण शिकलों, त्यांचें ऋण कीर्ति लाभल्यावरही असें प्रगटपणें मानावें.