दहा वर्षे भरली नाहीत, तरी पेन्शन मिळते

प्रश्न : माझे पती बारामती एमआयडीसीत कामाला होते. सहा वर्षांच्या नोकरीनंतर, नोकरीत असतानाच ते गेले. 'दहा वर्षे झाली नाहीत, पेन्शन बसत नाही,' असे सांगतात. पीएफला नॉमिनी सासूबाई आहेत. मुले लहान आहेत. काय करू?
– एक भगिनी, इंदापूर

उत्तर : ताई, धीर सोडू नका. दहा वर्षांची अट कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी भरलेली असली, तरी पत्नीला पेन्शन मिळते. दरमहा किमान 1,000 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती तुमच्या हक्काची आहे. शिवाय एका वेळी दोन मुलांना, 25 वर्षांची होईपर्यंत, प्रत्येकी तुमच्या पेन्शनच्या 25 टक्के मिळतात. पीएफची शिल्लक नॉमिनीला जाईल, पेन्शन मात्र तुमचीच.

पेन्शनसाठी फॉर्म 10-डी, पीएफसाठी 20, पीएफशी जोडलेल्या विम्यासाठी 5-आयएफ. हा विमा बहुतेकांना ठाऊकच नसतो. त्याची कमाल रक्कम 7 लाख आहे. मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, बँक पासबुक जोडा. आधी मात्र पतीचे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का, ते बघा. अर्ज बहुधा तिथेच अडतात. कंपनी सही देत नसेल, तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या. एजंटाला पैसे देऊ नका. पुनर्विवाह केल्यास तुमची पेन्शन थांबते, हेही माहीत असू द्या.