टोकदार छर्रा की चपटा?

प्रश्न : एअर रायफलने ससे, तित्तर टिपायला कोणता छर्रा घ्यावा? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कोणताच नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. नेम धरायचाच तर १० मीटरवरच्या कागदावर धरा, आणि त्यासाठी ४.५ मिलिमीटरचा चपट्या तोंडाचा छर्रा घ्या. टोकदार जास्त घुसतो म्हणतात. पण कागदात घुसून मिळवायचं काय? त्याच्या भोकाच्या कडा फाटतात, चपट्याचं भोक पंचने पाडल्यासारखं गोल पडतं. दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा गुण ठरतो तो कडेवरच. महागडा डबा उत्तमच, असंही नाही. प्रत्येक नळीची आवड निराळी. रायफल टेकवून प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे झाडा. ज्यांची भोकं एकमेकांत मिसळतील, तो डबा तुमचा. शेपटीची कड दबलेले छर्रे मात्र तांदळातल्या खड्यांसारखे आधीच वेचून टाका.