घनवादी कोलाज : चिकटवलेल्या तुकड्याचा अर्थ

साहित्यसमीक्षेत ‘कोलाज’ ही संज्ञा पुष्कळदा ‘भिन्न घटकांची सरमिसळ’ एवढ्याच अर्थाने योजिली जाते. ज्या घनवादी चित्रकलेतून ती साहित्यविचारात आली, त्या चित्रकलेतील तिचे कार्य पाहता हा अर्थ अपुरा ठरतो.

1908 पासून जॉर्ज ब्राक व पाब्लो पिकासो यांनी एकाच दृष्टिबिंदूवर आधारलेले यथादर्शन क्रमशः नाकारले. 1911 च्या सुमारास त्यांच्या चित्रांतील वस्तू इतक्या विखंडित झाल्या, की त्यांची ओळख पटणेही दुष्कर झाले. याच काळातील ‘पोर्तुगीज’ या चित्रात ब्राकने साच्याने अक्षरे उमटविली. अक्षर मूलतः सपाट असते. त्यामुळे ते चित्रफलकाच्या सपाटपणाची जाणीव करून देते, त्याचबरोबर बाह्य जगाचा संदर्भही टिकवून ठेवते.

मे 1912 मध्ये पिकासोने एका लंबवर्तुळाकृती स्थिरवस्तुचित्रावर वेताच्या विणीचे छापील चित्र असलेले मेणकापड चिकटविले आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. येथे ‘खरा’ म्हणून आलेला तुकडा स्वतःच यंत्राने केलेली नक्कल आहे. सत्य आणि आभास यांच्यातील नेहमीची विभागणीच त्यामुळे संशयास्पद ठरते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सोर्ग येथे ब्राकने लाकडाच्या रेषांची छपाई असलेला भिंतीचा कागद कोळशाच्या रेखाटनाला जोडला. तो कागद वस्तूच्या बाह्यरेषेत कापलेला नाही. कागद, रंग आणि लाकडाची खूण अशा तिन्ही नात्यांनी तो एकाच वेळी वावरतो.

वृत्तपत्रांच्या कात्रणांमुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 1912 च्या अखेरीस पिकासोने केलेल्या एका गिटारच्या चित्रात बाल्कन युद्धातील लढाईस तोंड लागल्याचे सांगणारा मथळा आढळतो. तो वाचावयाचा की केवळ पाहावयाचा? क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी सपाटपणा व खोली यांच्यातील ताणास प्राधान्य दिले. पॅट्रिशिया लाइटन यांनी त्या मजकुराचा राजकीय आशय उलगडला. तर रोझलिंड क्रॉस यांच्या मते तुकड्याचा अर्थ त्याच्या स्थानावरून व इतर चिन्हांशी असलेल्या भेदावरून निश्चित होतो. मजकूर न वाचणारा पहिला पक्ष आणि स्थान विसरणारा दुसरा पक्ष, दोन्ही एकांगी होत. चिन्हव्यवस्थेचा तिसरा पक्ष स्थानाचे मर्म जाणतो; परंतु युद्धाची वार्ता मद्यपेल्याशेजारी येते, या घटनेतील इतिहास केवळ भेदात विरघळत नाही.

यातून साहित्यविचारासाठी एक निकष हाती येतो. उपऱ्या तुकड्याने आपल्या उगमाची खूण जपली पाहिजे आणि नव्या रचनेत दुसरे कार्यही स्वीकारले पाहिजे. या चित्रकारांचा स्नेही गीयोम अपॉलिनेर याने 1913 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लुंदी रू क्रिस्तीन’ या कवितेत कानी पडलेली संभाषणे कोणत्याही दुव्याविना शेजारी ठेवली, तेव्हा या दोन्ही अटी पूर्ण झाल्या. जेथे उगमाची खूण पुसली जाते तेथे केवळ प्रभाव वा उसनवारी उरते. जेथे नवे कार्य नसते तेथे निव्वळ संग्रह. या दोहोंस कोलाज म्हणणे म्हणजे संज्ञेची धार बोथट करणे होय.