लेसर आणि सावळी त्वचा : उपयोग, धोके व उपचारोत्तर काळजी

विवाहाची तारीख महिन्याभरावर आली आहे आणि तोपर्यंत गालांवरील वांगाचे डाग ‘लेसरने’ काढून हवेत, अशी विनंती घेऊन येणाऱ्या तरुणी त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात नेहमी भेटतात. लेसर म्हणजे डाग पुसून टाकणारा जादूचा किरण, अशी समजूत समाजात रूढ झाली आहे. योग्य निदान, योग्य यंत्र व प्रशिक्षित हात यांचा मेळ जमल्यास लेसर हे खरोखरच मोठे वरदान आहे. यांपैकी एक जरी चुकले, तरी मूळ डागापेक्षा गडद डाग पदरी पडू शकतो. म्हणून या उपचाराची शास्त्रीय ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

लेसर म्हणजे काय?

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेने जाणारा केंद्रित प्रकाश. थिओडोर मेमन यांनी 1960 साली अमेरिकेत माणिक या रत्नाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण निर्माण केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटी येथील डॉ. लिऑन गोल्डमन यांनी त्वचेवर त्याचे प्रयोग सुरू केले. परंतु आजच्या उपचारांचा खरा पाया 1983 साली रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वाने घातला गेला. उन्हात काळे कापड पांढऱ्या कापडापेक्षा अधिक तापते, हे आपण जाणतोच. त्वचेतील प्रत्येक रंगद्रव्यही ठराविक तरंगलांबीचा प्रकाश अधिक शोषते. तो प्रकाश अत्यल्प काळापुरता सोडला, तर केवळ लक्ष्यच तापून नष्ट होते व शेजारच्या पेशी बचावतात, असे हे तत्त्व आहे.

उपयोग

रक्तवाहिन्यांमुळे जन्मतःच असणाऱ्या लाल-जांभळ्या चट्ट्यांसाठी 595 नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर वापरतात. त्याने चट्टा बराच फिका होतो. पूर्णपणे जातोच असे नाही. असा चट्टा बाळाच्या कपाळावर वा पापणीवर असेल, तर काचबिंदू व मेंदूतील रक्तवाहिन्यांचा दोष यांची शक्यता असते. अशा वेळी सौंदर्याचा विचार नंतर करावा, नेत्रतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांची तपासणी प्रथम करून घ्यावी.

डोळ्याभोवती व गालावर एका बाजूस दिसणारा निळसर ‘ओटाचा डाग’ आणि नको असलेले काळे गोंदण यांवर 1064 नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर उपयुक्त ठरतो. येथे काही महिन्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर सूक्ष्म ठिपक्यांच्या स्वरूपात दिला जातो.

अनावश्यक केसांसाठी डायोड अथवा एनडी-याग लेसर वापरतात. यात केसांची वाढ दीर्घकाळ कमी होते. ‘एकदा केले की कायमचे गेले’ हा जाहिरातीतील दावा खरा मानू नये. केसाच्या काळ्या रंगावरच हा उपचार अवलंबून असल्याने पांढऱ्या केसांवर तो निष्फळ ठरतो. पाळीची अनियमितता व हनुवटीवर राठ केस अशी लक्षणे एकत्र असल्यास संप्रेरकांची तपासणी आवश्यक आहे. मूळ कारण तसेच राहिले तर केस पुन्हा येतात.

धोके

आपल्या बहुतांश लोकांची त्वचा गव्हाळ ते सावळी असते. सूर्यकिरणांपासून आपले रक्षण करणारे मेलॅनिन हे द्रव्य लेसरच्या बाबतीत मात्र अडचणीचे ठरते. किरण लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वरच्या थरातील मेलॅनिन त्याला शोषून घेते व तेथेच त्वचा भाजते. फोड, काळे डाग, क्वचित पांढरे डाग व व्रण हे त्याचे परिणाम होत. गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेली मात्रा येथे जशीच्या तशी वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. आपल्याकडे लांब तरंगलांबी, सौम्य मात्रा व त्वचा थंड ठेवण्याची सोय यांवर भर द्यावा लागतो.

वांगाच्या बाबतीत तर अधिकच सबुरी हवी. उन्हापासून संरक्षण व लावण्याची औषधे हाच त्याचा पहिला उपचार आहे. लेसरनंतर वांग परतण्याचे, प्रसंगी अधिक गडद होण्याचे प्रमाण लक्षणीय असते. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या तरुणीस आम्ही ‘थांबा’ असे सांगतो, ते याच कारणाने.

कधी कधी चेहऱ्यावर व मानेवर केस कमी होण्याऐवजी वाढतात, हेही रुग्णास आधी सांगितले पाहिजे. डोळ्यांना तर कायमची इजा होऊ शकते. म्हणून रुग्ण व डॉक्टर या दोघांनीही योग्य संरक्षक चष्मा लावणे अनिवार्य आहे. आकार वा रंग बदलणाऱ्या तिळावर निदानाविना लेसर कदापि करू नये. तो कर्करोग असल्यास त्याची खूणच पुसली जाऊन निदानास घातक विलंब होतो.

उपचारापूर्वी

पुढील बाबी डॉक्टरांपासून लपवू नयेत : गर्भारपण, जखमेचे व्रण फुगण्याची प्रवृत्ती (केलॉइड), ओठांवर वारंवार येणारे हर्पिसचे फोड, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे. त्वचा उन्हाने रापलेली असल्यास उपचार पुढे ढकलावा. केसांच्या उपचारापूर्वी काही आठवडे वॅक्सिंग करू नये वा केस उपटू नयेत. वस्तऱ्याने काढण्यास हरकत नाही. प्रथम छोट्या भागावर चाचणी घेण्याचा आग्रह रुग्णाने स्वतः धरावा.

उपचारानंतरची काळजी

1. किंचित लाली व सूज स्वाभाविक आहे. स्वच्छ कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.
2. सौम्य साबणाने हलक्या हाताने धुऊन, सांगितलेले मलमच लावावे. हळद, लिंबू, बेसन यांचे लेप व ब्लीच टाळावे.
3. खपली नखाने काढू नये. ती आपोआप गळू द्यावी. ओरबाडल्यास डाग राहतो.
4. किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे. छत्री, ओढणी वा टोपी यांची जोड द्यावी. ढगाळ दिवशीही यात खंड पडू देऊ नये.
5. फोड, पू, वाढती वेदना वा ताप आल्यास पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

समारोप

यंत्र कितीही महागडे असले, तरी निदान यंत्र करीत नाही. लेसर घेण्यापूर्वी ‘मला नेमका कोणता आजार आहे, उपचार कोण करणार, किती बैठका लागतील आणि काही बिघडल्यास जबाबदारी कोणाची?’ हे चार प्रश्न प्रत्येकाने निःसंकोच विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास परत फिरावे. तारीख पुढे ढकलता येते. भाजलेली त्वचा पूर्ववत करणे मात्र नेहमीच साधते असे नाही.