कोडिंगच्या क्लासआधी मल्टिमीटर

सोनारीत किंवा परंडा तालुक्यातल्या कुठल्याही गावात मूल आठवी-नववीत पोचलं की पालकांना तंत्रज्ञानाची धास्ती वाटू लागते. मोबाइलवर जाहिराती येतात: कोडिंग शिकवा, रोबोटिक्स शिकवा, एआय शिकवा, नाहीतर मूल मागे पडेल. बार्शीत किंवा धाराशिवला कुणाचं तरी पोर असा क्लास करतंय, हे कानावर येतं. दहावीनंतर अकरावी सायन्ससाठी लातूरला ठेवायचं की पॉलिटेक्निकला घालायचं, याचा हिशेब तर आधीच सुरू झालेला असतो. उसाच्या बिलावर आणि दुधाच्या पगारावर चालणाऱ्या घरात दहा-वीस हजारांचा क्लास लावणं हा छोटा निर्णय नाही. म्हणून मत सुरुवातीलाच स्पष्ट मांडायला हवं. आठवी ते दहावी या वयात तंत्रशिक्षण जरूर द्यावं, पण ते हातांनी वस्तू बनवण्याचं, मोजमाप घेण्याचं आणि बिघाड शोधण्याचं असावं. पडद्यावरचं कोडिंग त्याच्या मागून यावं. असं शिक्षण महाराष्ट्राच्या शाळांत जवळजवळ चार दशकांपासून आहे, मराठीत आहे, आणि तरी पुष्कळ पालकांपर्यंत त्याचं नावही पोचलेलं नाही.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे, परंड्यासारखंच कमी पावसाचं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएचडी केलेला आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर राहिलेला हा शास्त्रज्ञ नोकरी सोडून एका खेड्यात गेला. शाळेत मागे पडणारी खेड्यातली मुलं खरोखर बुद्धीनं कमी असतात, की शिकवण्याची रीतच त्यांच्या कामाची नसते, हा त्यांचा प्रश्न होता. तो तपासता तपासता शाळेच्या वेळापत्रकात बसेल असा एक अभ्यासक्रम उभा राहिला. त्याचं नाव मूलभूत तंत्रज्ञान, शाळांमध्ये त्याला आयबीटी म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याच्या माध्यमिक मंडळानं तो आठवी ते दहावीसाठी पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला, आणि त्याच विचारातून पुढे आलेला विषय आज शाळांमध्ये ‘मल्टी स्किल’ या नावानं शिकवला जातो. आठवड्यातला एक दिवस कामाचा. विषयाचे भाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. चारही भाग सगळ्यांनी करायचे, म्हणजे मुलगीही वेल्डिंग करते आणि मुलगाही चिक्की बनवून तिचा उत्पादनखर्च काढतो. शिकवायला गावातलेच कारागीर निर्देशक म्हणून घ्यायचे. यातली सगळ्यात धाडसी गोष्ट वेगळीच आहे. मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगाचं असलं पाहिजे आणि गावानं त्याचे पैसे मोजले पाहिजेत. माती तपासून द्या, गेट दुरुस्त करून द्या, घराचं वायरिंग करा. पैसे देणारा माणूस खोटं कौतुक करत नाही. गेट नीट बंद झालं नाही तर तो परत बोलावतो, आणि हे परत बोलावणं कुठल्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा चोख परीक्षा असते.

या पद्धतीत मुलाच्या डोक्यात नेमकं काय घडतं, हे समजून घेतल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. पाबळची मुलं जमिनीची विद्युत रोधकता मोजून भूजलाचा अंदाज घ्यायला शिकत. जमिनीत चार सळया ठोकायच्या, दोनमधून वीज सोडायची, बाकी दोनमधला विद्युतदाब मोजायचा, आणि खाली कोरडा खडक आहे की ओल धरलेला थर, याचा अंदाज बांधायचा. ओहमचा नियम शाळेच्या परीक्षेत दोन-तीन गुणांपुरता येतो. इथे त्याच्यावर बोअर कुठे घ्यायचं याचा निर्णय होता, आणि निर्णय चुकला तर एका घराचे पैसे खड्ड्यात जाणार होते. असं शिकलेलं सूत्र सहसा विसरत नाही, कारण ते पाठ केलेलं नसतं, वापरलेलं असतं.

सोनारीच्या मुलाला असे धडे शोधायला पाबळलाही जावं लागत नाही. गावाला साखर कारखाना आहे. तिथे ट्रॅक्टर-ट्रॉली ज्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उभी राहते, त्याच्याखाली लोडसेल असतो. वजन पडलं की त्यातला धातू किंचित दबतो, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल आकड्यात रूपांतरित होऊन पडद्यावर दिसतो. शेतकऱ्याची सगळ्यात मोठी तक्रार काट्याबद्दल असते. तो काटा कसा चालतो आणि प्रमाणित वजनं ठेवून कसा तपासतात, हे नववीच्या विज्ञानात बसण्यासारखं आहे. पुढचा धडा उताऱ्याचा. केंद्रानं २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, ठरवली होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ. शेकडेवारीचं हे गणित घरातल्या पैशाचं आहे. चिपाडावर बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज तयार होते; ऊर्जेच्या रूपांतराचा अख्खा धडा कारखान्याच्या आवारात उभा आहे. डेअरीवरचं फॅटचं मशीन, ठिबकच्या नळीतला दाब, सौरपंपाच्या पॅनेलवर धूळ बसली की घटणारं पाणी, मोटारीचा स्टार्टर का ट्रिप होतो, हे सगळं मोजता येतं. यातल्या विजेच्या मोजमापांना लागणारा साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांना मिळतो.

इथे पालकांची पहिली हरकत येते: ही जुन्या काळातली कामं झाली, आता जग कॉम्प्युटरचं आहे. हरकत योग्य जागी बोट ठेवते, पण तिचं उत्तरही पाबळमध्येच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रा. नील गर्शनफेल्ड यांनी जगभर फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवण्याच्या प्रयोगशाळा, उभारायला सुरुवात केली, तेव्हा २००२ च्या सुमारास एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. लेझर कटर, सर्किट बनवण्याची यंत्रं, मायक्रोकंट्रोलर अशी साधनं त्या खेड्यात पोचली, कारण तिथल्या मुलांना वस्तू बनवण्याची सवय होती आणि सोडवायला खरे प्रश्न होते. मातीतली ओल ओळखून पंप बंद करणारं यंत्र बनवायला कोडच्या पंधरा-वीस ओळी पुरतात. अवघड असतं ते बाकीचं: सेन्सर कुठे रोवायचा, तो गंजला तर काय, रात्री तीन वाजता लाइट आली तर काय. आणि ज्या पंधरा-वीस ओळी शिकवण्यासाठी क्लासवाले हजारो रुपये घेतात, तशा प्राथमिक ओळी आज एआय मागितल्याबरोबर लिहून देतं. त्या ओळी बरोबर आहेत की नाहीत, हे ठरवायला मात्र पंप, पाणी आणि वीज समजणारं माणूसच लागतं. फिनलंडनं १८६६ पासून शाळेत हस्तकाम सक्तीचं ठेवलं आहे, आणि २०१६ च्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग आणलं तेव्हाही हस्तकाम काढून टाकलं नाही. इतक्या प्रगत देशाला दोन्ही एकत्र ठेवावंसं वाटलं, याचा विचार आपणही करायला हवा.

क्लासच्या बाजाराबद्दलही मोकळेपणानं बोलायला हवं. २०२० साली व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या कोडिंग क्लासच्या जाहिराती घराघरात पोचल्या होत्या. लहान मुलं अ‍ॅप बनवून कोट्यवधी कमावतात, अशा धाटणीच्या त्यातल्या काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेनं मागे घ्यायला लावल्या. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीनं ती कंपनी ३० कोटी डॉलरला विकत घेतली, आणि चार वर्षांत बायजूज स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सगळेच क्लास तसे असतात, असा याचा अर्थ नाही. पण पालकांची भीती हेच ज्या अभ्यासक्रमाचं भांडवल आहे, त्याच्यापासून लांब राहावं. एमएस-सीआयटीचं उदाहरण याच्या उलट आहे. २००१ पासून त्या कोर्सनं खेड्यापाड्यातल्या लाखो लोकांना कॉम्प्युटर हाताळायला शिकवलं आणि ते मोठंच काम झालं. दहावीच्या सुट्टीत मुलानं तो जरूर करावा. फक्त त्यातून कॉम्प्युटर वापरायला येतं, तंत्रज्ञ तयार होत नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

दुसरी हरकत गुणांची. एक दिवस कार्यशाळेत घालवला तर दहावीचे टक्के घसरतील, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणूनच सुरुवात आठवीतच व्हावी. जड काम आठवी-नववीत उरकलं तर दहावीचं वर्ष मोकळं राहतं. शिवाय व्यवसाय विषय मंडळाच्या योजनेत बसलेला असतो, सहसा एखाद्या भाषा विषयाच्या जागी, आणि त्यात प्रात्यक्षिकाचे गुण भरघोस असतात. आपल्या शाळेत तो कुठल्या विषयाऐवजी घेता येतो, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं, कारण पुढे मुलाला ज्या भाषेची गरज पडणार ती सोडणं शहाणपणाचं नाही. तंत्र विषय घेतला की वरची वाट बंद होते, हा तर निव्वळ गैरसमज आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. अटी बदलू शकतात, त्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या असतात. त्या पुस्तिकेसाठी एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. आणि ज्याला अकरावी सायन्सच करायचं आहे, त्याचं यात काहीच बुडत नाही. उलट आपल्याला यंत्रांत रस आहे की जीवशास्त्रात, हे त्याला लातूरची फी भरण्याआधी कळलेलं असतं.

तिसरी हरकत सगळ्यात खोल आहे आणि ती फारशी उघडपणे बोलली जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातांनी राबलो, ऊसतोडीला गेलो, ते काय पोरानंही पक्कड-हातोडा धरावा म्हणून? बड्यांची मुलं डॉक्टर होणार आणि आमच्या मुलांना वेल्डिंग? इतिहास या संशयाच्या बाजूनं साक्ष देतो. जातीनं ठरवून दिलेली कामं ‘व्यवसाय शिक्षण’ म्हणून पुन्हा त्याच घरांच्या गळ्यात पडण्याचा धोका खराच आहे. पण याच इतिहासात दुसरा आवाजही आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातल्या शाळांत शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं आणि जमेल तिथे प्रात्यक्षिकासाठी छोटी शेतं असावीत, अशी मागणी केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात दलित विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या प्रगत शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली. एक मागणी शिक्षणाचा पाया कामाशी जोडते, दुसरी त्याचं शिखर खुलं करते. दोन्ही एकत्र धरल्या की कुठलाही तंत्र अभ्यासक्रम तपासायची कसोटी मिळते: हे शिकलेलं मूल उद्या इंजिनिअर किंवा संशोधक व्हायचं म्हणालं, तर त्याला अडवलं जाणार आहे का? अडवलं जाणार असेल तर तो अभ्यासक्रम नाकारावा. आणि तो फक्त ‘ढ’ तुकडीला, फक्त मुलग्यांना किंवा फक्त गरिबांच्या मुलांना दिला जात असेल, तरी पालकांनी शाळेत जाऊन हरकत घ्यावी.

राष्ट्रीय धोरणही आता याच दिशेनं चाललं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये एक अस्वस्थ करणारी तुलना दिली आहे: बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी होते, तर जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. त्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावं. एनसीईआरटीची ‘कौशल बोध’ ही पुस्तकं सजीवांसोबतचं काम, यंत्र व साहित्यासोबतचं काम आणि मानवी सेवा अशा तीन भागांत मांडलेली आहेत. पाबळच्या चार भागांशी त्यांचं नातं उघड दिसतं.

आमच्या शाळेत कार्यशाळाच नाही, निर्देशक नाही, मग हे होणार कसं? ही अडचण खरी आहे, आणि कागदावरच्या धोरणानं ती सुटत नाही. पण पाबळच्या प्रयोगात निर्देशक बाहेरून आणलेले नव्हते. मोटार रिवाइंडिंग करणारा, फॅब्रिकेशनचं दुकान चालवणारा, डेअरीवर फॅट काढणारा आणि कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर सोनारीच्या आसपास सापडतो. पालक सभेत पाच-सहा पालकांनी मिळून ‘मल्टी स्किल’ किंवा तत्सम व्यवसाय विषयासाठी शाळेनं प्रस्ताव पाठवावा, अशी लेखी मागणी करावी. तो मंजूर होईपर्यंत शनिवारी दोन तास अशा कारागिरांचे ठरवता येतात. सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. चालू वीजपुरवठ्याला मुलांनी हात लावायचा नाही, बॅटरीवर शिकायचं, आणि ग्राइंडर-वेल्डिंगच्या वेळी चष्मा व हातमोजे नसतील तर काम थांबवायचं. काम शिकवण्याच्या नावाखाली मुलाला दुकानात फुकट राबवून घेतलं जात नाही ना, यावरही डोळा हवा. दोन तासांत त्यानं काय मोजलं आणि वहीत काय लिहिलं, हे दर शनिवारी घरी विचारावं. ज्या मुलाचं पुस्तकात मनच लागत नाही आणि शाळा सुटायच्या बेतात आहे, त्याच्यासाठी विज्ञान आश्रमाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेची त्याला मान्यता आहे, आणि आठवी पास मुलगा किंवा मुलगी त्याला जाऊ शकते.