ओळंबा, गुण्या आणि एक दार

नाना बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचे चिटणीस होते. दोन्ही कामांनी त्यांना एकच सवय लावली. भिंत असो की संस्था, आधी ती ओळंब्यात आहे का ते बघायचं. त्यांची नात मुक्ता मुंबईत फोर्टला नोकरी करते. फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाच्या मुंबईतल्या एका जुन्या लॉजवर लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं, पण व्याख्यान झोडल्यासारखं होईल म्हणून हात आखडत होता. एका रविवारी डोंबिवलीच्या घरी चहा घेताना मुक्तानं माझ्याच मनातल्या शंका नानांना विचारल्या. ते बोलणं इथं उतरवून काढतो.

मुक्ता : नाना, स्टर्लिंग सिनेमाच्या मागच्या बाजूला फ्रीमेसन्स हॉल आहे. गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेले, ही त्यांची खूण. आमच्या ऑफिसात म्हणतात, आत काहीतरी गूढ चालतं.

नाना : गूढ म्हटलं की माणसाला पुढचं शोधायचे कष्ट पडत नाहीत. उत्तरेकडे तर अशा इमारतींना 'जादूघर' म्हणायचे. अगं, मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. युरोपात मोठमोठी चर्चं बांधायची तेव्हा पाथरवटांसाठी कामाच्या जागेवर पडवी काढत. तिथं दगड घडायचे, हत्यारं ठेवायची, दुपारी पाठ टेकायची. ती पडवी म्हणजे लॉज. आपल्या साइटवर शेड असते, तशी. सतराव्या शतकात त्यात छिन्नी न धरणारेही यायला लागले, जमीनदार, विद्वान. दगडकाम सुटलं, हत्यारांचे अर्थ तेवढे राहिले. १७१७ मध्ये लंडनमधली चार लॉज एकत्र आली आणि ग्रँड लॉज झालं, असं त्यांची परंपरा सांगते. १७२३ मध्ये नियमांचं पुस्तक छापलं.

मुक्ता : आणि यांचं मूळ राजा सॉलोमनच्या देवळात, टेम्पलर सरदारांत आहे म्हणतात, ते?

नाना : त्यांना विधीत जागा आहे, इतिहासात नाही. पुढे विचार.

मुक्ता : हत्यारांचे अर्थ म्हणजे काय?

नाना उठले. त्यांच्या पिशवीत एक पितळी ओळंबा कायम असतो. गोट्याची कड झिजली आहे, दोरा मात्र नवा. खोलीच्या दाराच्या चौकटीला त्यांनी तो वरून सोडला. गोटा डोलला, फिरला, हळूहळू थांबला.

नाना : दोन सूत बाहेर आहे तुझी चौकट. डोळ्याला दिसत नव्हतं ना? ओळंबा सांगतो, सरळ उभा राहा. पाणसळ सांगते, सगळे एका पातळीवर आहेत. गुण्या सांगतो, व्यवहार काटकोनात ठेव. लॉजमध्ये तीन पायऱ्या असतात, शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. शिकाऊ म्हणजे खाणीतून आलेला अनघड दगड. तो घडवून भिंतीत बसण्याजोगा करायचा, एवढी सगळी शिकवण. आत धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही. ईश्वर मानतो एवढं माणसानं सांगायचं, कोणत्या नावानं मानतो ते विचारायचं नाही.

मुक्ता : मग इथल्या माणसांना घेत होते? पाणसळ तर सगळ्यांना एका पातळीवर आणते म्हणालात.

नाना : थांब, तिथंच येतोय. मुंबईत पहिलं लॉज १७५८ मध्ये निघालं, कलकत्त्यात त्याच्याही आधी. सभासद कोण, तर कंपनीचे अधिकारी, लष्करातले साहेब, व्यापारी. अर्काटच्या नवाबाच्या मुलाला १७७० च्या दशकात मेसन करून घेतलं होतं, पण तो नवाबाचा मुलगा. बाकीच्यांसाठी नियमात दार उघडं आणि प्रत्यक्षात बंद. तू भायखळ्याचा खडा पारशी पाहिलायस?

मुक्ता : दोन उड्डाणपुलांच्या मध्ये उभा आहे तो. त्याचा इथं काय संबंध?

नाना : तो पुतळा शेठ करसेटजी माणेकजींचा. उभारला त्यांच्या मुलानं, माणेकजी करसेटजींनी. रोज हजारो लोक त्याच्या बाजूनं जातात, पण बापाचं नाव माहीत नाही आणि मुलाचंही नाही. हे माणेकजी १८०८ साली जन्मले, पुढे मुंबईत लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुलींना इंग्रजी शिकवायचं म्हणजे गहजब व्हायचा, त्या काळात स्वतःच्या मुलींना शिकवलं आणि १८६३ मध्ये अलेक्झांड्रा शाळा काढली. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे ना? तिच्या सभासदत्वासाठी त्यांनी १८३३ मध्ये अर्ज केला. नामंजूर. १८४० मध्ये घेतलं, आणि ते तिथले पहिले भारतीय सभासद झाले.

मुक्ता : लॉजमध्येही असंच झालं?

नाना : तिथं जास्त लांबलं. मुंबईच्या 'पर्सिव्हरन्स' लॉजमध्ये त्यांचं नाव सुचवलं गेलं. नकार. मग ते विलायतेला गेले, तिथंही जमलं नाही. शेवटी पॅरिसमधल्या एका लॉजनं त्यांना मेसन करून घेतलं. म्हणजे आता ते रीतसर बंधू झाले. मुंबईला परतून पुन्हा त्याच पर्सिव्हरन्सकडे सभासदत्व मागितलं. पुन्हा नकार.

मुक्ता : बंधू झाल्यावरही? कुणी दिला नकार?

नाना : लॉजनं.

मुक्ता : लॉज म्हणजे कुणी? नाव असेलच ना एखाद्याचं.

नाना : मतदान गुप्त असतं. एक पेटी फिरवतात. प्रत्येकाच्या हातात पांढरी गोळी आणि काळी गोळी. हात आत घालायचा, एक सोडायची. नियमाप्रमाणे एक, दोन, फार तर तीन काळ्या पडल्या की माणूस बाहेर. कारण सांगायचं नाही, विचारायचंही नाही. बरं, आता डॉक्टर बर्न्सकडे येऊ. जेम्स बर्न्स हा स्कॉटलंडच्या मॉन्ट्रोझचा...

मुक्ता : नाना, बर्न्स नंतर. कारण न सांगता माणसाला परत पाठवायचं आणि वर बंधुत्व म्हणायचं, हे मला पटत नाही.

नाना : तुला पटावं म्हणून सांगत नाहीये. आधी ऐकून तर घे! तुम्हा लोकांना पहिल्या विटेलाच भिंतीचा निकाल हवा असतो. लहान खोलीत पंधरा-वीस माणसं एकमेकांवर भरवसा टाकून बसतात. एकालाही कुणाबद्दल खोल शंका असली, तर त्याला ती भांडण न करता सांगता यावी म्हणून ती पेटी. हेतू वाईट नव्हता.

मुक्ता : आणि पेटीत जातीचा, रंगाचा द्वेष टाकला तर?

नाना : पेटीला ते कळत नाही.

थोडा वेळ दोघंही बोलले नाहीत. मी चहा आणायला उठलो.

नाना : तर बर्न्स. पेशानं वैद्य, मुंबई इलाख्याच्या नोकरीत. कच्छमध्ये होता, सिंधच्या मीरांच्या दरबारी औषधोपचाराला गेला होता, त्यावर पुस्तकही लिहिलं. १८३६ पासून पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांचा तो प्रमुख होता. त्याचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, २ नोव्हेंबर १८४१ ला काबूलमध्ये जमावानं ठार मारले. लक्षात घे, दोन भाऊ एकाच दिवशी. आणि १५ डिसेंबर १८४३ रोजी याच माणसानं मुंबईत नवं लॉज उघडलं, ते मुद्दाम इथल्या माणसांना आत घेण्यासाठी. नाव 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया'. उगवता तारा. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या यादीत त्याचा क्रमांक ३४२. माणेकजी त्याच्या स्थापनेच्या मंडळीत होते. पारशी आले, मुसलमान आले.

मुक्ता : त्याला सूड घ्यावासा वाटला नाही?

नाना : त्याच्या मनातलं मी कसं सांगू? त्यानं काय केलं, तेवढं सांगता येतं. दोन वर्षांनी त्यानं दार उघडलं.

मुक्ता : आणि जुन्या लॉजचं दार?

नाना : ते तेव्हा तसंच राहिलं. म्हणूनच नवं काढावं लागलं.

मुक्ता : म्हणजे इथल्या माणसांसाठी वेगळी खोली. हे समान पातळीवर येणं झालं का?

नाना : हा प्रश्न मलाही छळतो. वेगळी खोली, पण एक फरक होता. तिथं शिकवलेली खूण आणि शब्द तेच, दर्जा तोच. रायझिंग स्टारचा उस्ताद जगातल्या कुठल्याही लॉजमध्ये नियमानं बंधू ठरतो. एकदा खोलीत चौकटीसकट दार बसलं की पुढच्यानं ठोठावलं तर उत्तर द्यावं लागतं. पुढे या लॉजमध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा आले, ज्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था फोर्टात आहे. मेसन म्हणून त्यांना पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्त १९०७ मध्ये जीवनजी मोदींनी गौरवग्रंथ काढला. फिरोजशहा मेहताही इथलेच. दादाभाई नौरोजी लंडनच्या लॉजमध्ये. तुला वाटेल, यांनी आत बसून कट केले. कट नाही, सभा कशी चालवायची ते तिथं अंगवळणी पडलं. विषयपत्रिका, ठराव, अध्यक्षाकडे बघून बोलणं, हिशेब तपासणं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. देश चालवायचा तर हे यावं लागतं.

मुक्ता : हिंदू?

नाना : उशिरा. साहेबांचा आक्षेप असा, की हे अनेक देव मानतात, मग एका ईश्वरावरची श्रद्धा कशी? कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि आत गेले १८७२ मध्ये. नऊ वर्षं कागद हलवत राहिला तो माणूस. त्यानंतर बारा वर्षांनी तिथल्याच एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त आले, पुढचे विवेकानंद.

मुक्ता : आणि बायका?

नाना : नाहीत. अॅनी बेझंटबाई १९०२ मध्ये स्त्री-पुरुष दोघांच्या वेगळ्या पंथात गेल्या, त्याला ही लॉज मान्यता देत नाहीत. पुढे.

मुक्ता : 'पुढे' काय, नाना! दर वेळी दार, आणि दर वेळी बाहेर कुणीतरी उभं.

नाना : म्हणूनच सांगतो, संस्थेचा इतिहास वाचायचा तर तिच्या दाराशी बसून वाचावा. आत कुणाच्या गळ्यात कसला पट्टा होता, ते नंतर. दाराशी कोण आलं, कुणाला थांबवलं, किती वर्षं थांबवलं. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया झालं, २४ नोव्हेंबरला, दिल्लीत. देशातल्या २७७ लॉजांपैकी १४५ तिकडे गेली. बाकीची इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्याच यादीत राहिली. रायझिंग स्टार स्कॉटलंडबरोबर राहिलं. स्वातंत्र्यानंतरही असं का, असं लोक विचारतात. मला त्यात द्रोह दिसत नाही. ज्या यादीनं पहिल्यांदा आपलं नाव लिहून घेतलं, ती सोडवत नसेल. आणि हे सगळं आज आपल्याला कशामुळे कळतं? कुणीतरी रजिस्टर ठेवलं म्हणून! आपल्याकडे? आमच्या वाचनालयाला रंग द्यायचा निघाला तेव्हा शंभर वर्षांची रजिस्टरं रद्दीत घातली. किलोवर! मी बाहेरगावी होतो. परत आलो तर कपाट रिकामं. त्या पैशांत दोन पंखे आले. माणसं सांगतात, नाना, वारा छान लागतो.

मुक्ता : एकही राहिलं नाही?

नाना : एक राहिलं. मी घरी आणलेलं होतं म्हणून.

ते त्यांच्याबरोबरच होतं. खाकी पुठ्ठा, शिवण सैल झालेली, पानांना डिंकाचा वास. सभासदत्वाच्या अर्जांचं रजिस्टर. रकाने आखलेले होते, अनुक्रमांक, नाव, आळी, धंदा, शिफारस, शेरा. मुक्ता शेऱ्याच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेली. मंजूर, मंजूर, मंजूर. एका पानावर थांबली.

मुक्ता : इथं 'नामंजूर' आहे. कारण लिहिलेलं नाही.

नाना : हो.

मुक्ता : अक्षर तुमचं आहे, नाना.

नाना : माझंच. तो माणूस रोज संध्याकाळी ओट्यावर उभा राहून, खिडकीतून दिसेल तेवढं वर्तमानपत्र वाचायचा. त्याच्या आळीचं नाव बघ, म्हणजे कळेल. समितीत कुणी काही बोललं नाही. नुसती मान हलवली, एकानं, मग दुसऱ्यानं. मी शेरा लिहिला. कारणाची जागा मोकळी सोडली, कारण जे होतं ते लिहायची लाज वाटली. आमच्याकडे गोळ्यांची पेटीसुद्धा नव्हती. पर्सिव्हरन्सच्या माणसांना नावं ठेवताना मला दर वेळी हे पान आठवतं.

मुक्ता : पुन्हा अर्ज केला त्यांनी?

नाना : नाही. ओट्यावर यायचाही बंद झाला. माणेकजींना पॅरिसला जाता आलं, मुक्ता. गावातल्या माणसानं कुठं जायचं?

मुक्तानं रजिस्टर मिटलं नाही. ओळंबा अजून चौकटीला लटकत होता, तिच्या येण्याजाण्यानं पुन्हा हलू लागला होता. नानांनी हात पुढे केला, पण गोट्याला धरलं नाही.

नाना : हलत असताना माप घेऊ नये. थांबू दे.

मुक्ता : मी या पानाचा फोटो काढते. आणि नाना, कारणाचा रकाना आज भरा. तुमच्याच अक्षरात.

नानांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे पेन मागितलं.